साडेपाचशे रुपयांचा प्रोग्रॅमर आणि पुसलेली एक ओळ

मिरजेत माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. २६ वर्षं झाली. डब्बा टीव्हीपासून एलईडीपर्यंत सगळं टेबलावर येऊन गेलं, पण मेमरी आयसी, म्हणजे सेटची माहिती साठवणारी छोटी चिप, वाचायचं-लिहायचं स्वतःचं साधन, म्हणजे प्रोग्रॅमर, मी चार वर्षांपूर्वी घेतलं. सीएच३४१ए नावाचं छोटं काळं बोर्ड. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला खटका असलेलं हिरवं सॉकेट. सोबत आठ पायांची क्लिप आणि दोन-तीन ॲडॅप्टर. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ सगळं मिळून साडेपाचशेला पडलं. डब्यावर कुणाचं नाव नव्हतं, कारण हे बोर्ड कितीतरी जण बनवतात. चार वर्षं रोज वापरल्यावर त्याबद्दल जे कळलं ते लिहितो.

आधी आम्ही काय करायचो ते सांगतो, म्हणजे फरक कळेल. सेट मेमरीत अडकलाय असा संशय आला की जुनी आयसी काढायची आणि बाजारातून त्या मॉडेलची भरलेली मेमरी आणून लावायची. मॉडेलचा नंबर सांगितला की दुकानदार पुडीतून काढून द्यायचा. सेट चालू व्हायचा आणि गिऱ्हाईक खूश व्हायचं. पण चित्र नीट बघितलं की कुठेतरी खटकायचं. पांढऱ्यात निळसर झाक, बाजू जरा आत ओढलेल्या, खालची पट्टी कापलेली. मग सर्व्हिस मेनूत, म्हणजे कारागिरासाठी असलेल्या लपलेल्या मेनूत, तासभर आकडे वर-खाली करत बसायचं. जुनी आयसी तोवर केरात गेलेली असायची. त्या आयसीत काय होतं हे आम्ही कधी बघितलंच नाही, कारण बघायचं साधनच नव्हतं.

त्यात होतं त्या एका पिक्चर ट्यूबचं माप. कारखान्यात प्रत्येक सेट चालवून त्याची उंची, रुंदी, कडांचा बाक आणि तिन्ही रंगांचा तोल जुळवतात, आणि ते आकडे मेमरीत लिहितात. दोन ट्यूब एकाच दिवशी बनल्या तरी आकडे तंतोतंत सारखे नसतात. आमच्या गावात सतारमेकर गल्ली आहे. तिथे जवारी, म्हणजे तारांचा गुंजता नाद, काढणारा माणूस घोडी (तारांखालची पट्टी) घासतो ती समोरच्या त्या एका सतारीसाठी. ती घोडी काढून दुसरीवर बसवली तर स्वर येईल, पण त्या सतारीचा नाद येणार नाही. मेमरीतल्या आकड्यांचंही तसंच आहे.

आता ज्या कामासाठी मी या बोर्डाला पैकीच्या पैकी गुण देतो ते काम. मागच्या पावसाळ्यात म्हैसाळकडच्या एक आजी २१ इंची सपाट काचेचा टीव्ही रिक्षातून घेऊन आल्या. त्यावर डीडी फ्री डिशचा डबा जोडलेला. चित्र वरून-खालून चार-चार बोटं कापलेलं, आणि सकाळी लावलं की चॅनेलची जुळणी गेलेली. मुलगा म्हणत होता, नवा एलईडी घेऊया. आजी मला म्हणाल्या, "बाळा, नवा नको रे. मला आता नीट दिसत नाही, ह्याची बटणं हाताला माहितीयेत."

सेट आधी सिरीज बल्बवर, म्हणजे विजेच्या वाटेत मध्ये एक बल्ब जोडून, चालू केला. मेमरीला हात लावायच्या आधी तिच्या आठव्या पायावरचे व्होल्ट बघितले. तिथे ५ हवेत. मीटर ४.३ दाखवत होता आणि आकडा स्थिर नव्हता. एसी रेंजवर लावला तर त्यात रिपलही, म्हणजे व्होल्टची थरथरही होती. ५ व्होल्टच्या लाईनवरचा ४७० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर सुकलेला निघाला. आयसी खराब का झाली याचं उत्तर तिथेच मिळालं. सेट प्रत्येक वेळी आवाज, चॅनेल अशी माहिती मेमरीत लिहीत असतो, आणि लिहिता लिहिता व्होल्टेज खचलं की अर्धवट लिहिलेलं तसंच राहतं. कंडेन्सर न बदलता मी नुसती नवी मेमरी लावली असती तर आजी महिन्याभरात परत आल्या असत्या. एसडीए आणि एससीएल या, सेट मेमरीशी बोलतो त्या, दोन्ही पायांवर ५ च्या जवळपास व्होल्ट येतात की नाही तेही बघून घ्या. तिथला एखादा पुल-अप रजिस्टन्स (पायाला ५ व्होल्टकडे ओढून धरणारा) आतून तुटला असला तरी लक्षणं हीच दिसतात, आणि आयसी बिचारी चांगली असते.

कंडेन्सर बदलून मग आयसी काढली. २४सी०८, सरळ आठ पायांची. बोर्डाच्या सॉकेटात बसवली, खटका दाबला. बोर्डावर २४ आणि २५ या दोन मालिकांच्या आयसींच्या जागा वेगळ्या छापल्यात. ते चित्र आणि पहिल्या पायाची खूण बघूनच बसवा. तीनदा वाचली, तिन्ही फाईली ताडून बघितल्या, तिन्ही एकच. हे तीनदा वाचणं मी कधीच चुकवत नाही. दोन वाचनांत एका अक्षराचाही फरक असेल तर आयसीचे पाय पुसून परत बसवतो.

२४सी०८ मध्ये ८ किलोबिट, म्हणजे १०२४ बाइट मावतात. पडद्यावर एका ओळीत १६ आकडे धरले तर ६४ ओळी होतात. त्यातल्या ६३ ओळींत जिवंत आकडे दिसत होते आणि मधली एकच अख्खी ओळ एफएफ, एफएफ, एफएफ, म्हणजे कोरी. या आयसीत एका दमात जास्तीत जास्त १६ बाइटचं एक पान लिहिता येतं, आणि तेवढंच एक पान गेलं होतं. बाकी सगळा कारखान्याचा हिशोब जागेवर होता! २६ वर्षांत अशा किती आयसी मी फेकल्या असतील, आणि त्यातल्या किती अशाच एका ओळीने आजारी असतील, हे त्या पडद्यासमोर बसून मनात येत राहिलं.

त्याच किटच्या (टीव्हीच्या आतल्या मुख्य बोर्डाच्या) दुसऱ्या एका सेटची फाईल माझ्याकडे आधीची ठेवलेली होती. त्यातली तेवढी एक ओळ उचलून इथे भरली, बाकी ६३ ओळी आजींच्या सेटच्याच ठेवल्या. लिहून झाल्यावर पडताळणी केली, किटवर सॉकेट बसवलं, आयसी त्यात लावली. चित्र भरून आलं. उंची थोडी जास्त होती, ती सर्व्हिस मेनूत दोन-तीन घरं कमी केली. रंगाला हातही लावावा लागला नाही. पांढरा रंग स्वच्छ पांढरा होता.

एवढं कौतुक केल्यावर या बोर्डातला खरा दोष सांगतो. घेणाऱ्याने हा भाग वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

सॉकेटावर आयसीला पुरवठा ३.३ व्होल्टचा मिळतो, ते बरोबर आहे. पण या काळ्या बोर्डावर मुख्य चिप ५ व्होल्टवर चालवलेली असते, त्यामुळे डेटाच्या तारांवर ५ व्होल्टच्या आसपास येतात. मी स्वतः मीटरने मोजलेत. डब्बा टीव्हीतल्या २४ मालिकेच्या आयसी मुळात ५ व्होल्टवर नांदणाऱ्या, त्यांचं यात काही बिघडत नाही. एलईडी टीव्हीतली २५ मालिकेची फ्लॅश, म्हणजे मोठी मेमरी, मात्र ३.३ ची असते. ती बनवणाऱ्या विनबाँड कंपनीच्या डेटाशीटात (माहितीपत्रकात) साफ लिहिलंय की कोणत्याही पायावर पुरवठ्यापेक्षा ०.४ व्होल्टहून जास्त येऊ नयेत. इथे दीड व्होल्टहून जास्त येतात. बऱ्याचदा आयसी सहन करते आणि म्हणून लोक म्हणतात की काही होत नाही. पण गिऱ्हाइकाची वस्तू अशा भरवशावर ठेवणं मला पटत नाही.

इलाज अर्ध्या तासाचा आहे. मुख्य चिपचा २८ नंबरचा पाय बोर्डापासून उचलायचा, म्हणजे ५ व्होल्टची वाट तुटते. त्या उचललेल्या पायाला रेग्युलेटरच्या मधल्या पायावरून, म्हणजे जिथून ३.३ बाहेर येतात तिथून, बारीक तार जोडायची. तीच तार ९ नंबरच्या पायालाही द्यायची. चिप स्वतः ३.३ वर चालायला तयार असते, फक्त बोर्ड बनवणाऱ्यांनी ती तशी जोडलेली नसते. टोकदार बिट, बारीक सोल्डर आणि भिंग लागतं. झाल्यावर सॉकेटावर परत मोजा, सगळीकडे ३.३ च्या वर काही दिसता कामा नये. हात बसलेला नसेल तर आवृत्ती १.७ म्हणून व्होल्टेज निवडायचं बटण असलेलं बोर्ड मिळतं, ते घ्या. थोडं महाग आहे, पण ते पैसे वाया जात नाहीत.

१.८ व्होल्टच्या फ्लॅशसाठी काळ्या बोर्डाला आणखी वेगळा ॲडॅप्टर लागतो. आयसीची ओळख, म्हणजे ती स्वतः सांगते तो कोड, ईएफ ६० १७ अशी आली तर ती १.८ ची आहे, ईएफ ४० १७ आली तर ३.३ ची. पण ही ओळख आयसी बसवल्यावरच कळते, म्हणून आयसीवरचा नंबर भिंगातून आधी वाचावा आणि मगच ती सॉकेटाजवळ न्यावी.

क्लिप. तिच्याबद्दल माझं मत चांगलं नाही. सोबत येणारी क्लिप चार-पाच महिन्यांत सैल होते आणि एखादा पाय धरत नाही. पण मोठी अडचण वेगळीच आहे. आयसी किटवर असताना क्लिप लावली की बोर्डातले व्होल्ट त्या वाटेने प्रोसेसरलाही मिळतात. तो जागा होतो आणि त्याच तारांवर स्वतःचं बोलू लागतो. दोघं एकदम बोलल्यावर वाचन वेडंवाकडं येतं. लोगोवर अडकलेल्या एका ३२ इंची एलईडीत मी क्लिपने पाच वेळा वाचलं आणि पाचही फाईली वेगळ्या निघाल्या. हॉट एअरने आयसी उतरवली, ॲडॅप्टरवर बसवली, तर पहिल्याच झटक्यात ओळख बरोबर आली आणि ८ मेगाबाइटची फाईल दोन मिनिटांत उतरली. त्या दिवसापासून मी क्लिप फक्त आयसीची ओळख बघायला वापरतो, लिहायला कधीच नाही.

आणि जुन्या डब्बा सेटमध्ये क्लिप लावायचा विचार कराल तर एक लक्षात ठेवा. काही जुन्या सेटमध्ये अख्ख्या किटचा ग्राउंड मेनशी, म्हणजे घरातल्या विजेशी, जोडलेला असतो. प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये ३०० व्होल्टच्या वर राहू शकतात. त्याला लॅपटॉप जोडला तर लॅपटॉप जाईल, आणि हात मध्ये असेल तर माणूस जाईल. आयसी काढून, टेबलावर आणून वाचा. माझ्या दुकानात शिकायला येणाऱ्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच सांगतो आणि कंडेन्सर डिस्चार्ज करायला लावतो.

सॉफ्टवेअरचं थोडक्यात. बोर्डासोबत मिळालेलं मी वापरत नाही, अँटिव्हायरस त्याच्यावर ओरडतो. निओप्रोग्रॅमर आणि एएसप्रोग्रॅमर ही दोन्ही चांगली आहेत आणि फुकट आहेत. २४ मालिकेत आकार आपल्यालाच निवडावा लागतो, कारण या आयसी स्वतःची ओळख सांगत नाहीत. तिथे ०८ च्या जागी १६ निवडलं की फाईलवर भरवसा ठेवता येत नाही. सगळं एफएफ किंवा सगळं शून्य आलं तर लगेच आयसी मेली असं समजू नका, आधी उलटी बसलीय का ते बघा. संगणकाला बोर्ड दिसतच नसेल तर जम्पर (बोर्डावरच्या दोन पिना जोडणारी छोटी टोपी) हलला असेल, तो १-२ वर हवा. ९३ मालिकेची मेमरी असलेले फार जुने सेट तुमच्याकडे येत असतील तर हे सॉकेट तिच्यासाठी नाही, तिचे पाय वेगळे असतात.

घ्यावं का? टीव्ही दुरुस्ती करणाऱ्याने नक्की घ्यावं, २८ नंबरचा पाय उचलायची तयारी असेल तर काळं, नसेल तर १.७. घरी एकच टीव्ही दुरुस्त करायचा असेल तर आयसी काढता-लावता येते का ते आधी स्वतःला विचारा, बोर्डाचा खर्च त्यापुढे किरकोळ आहे. मी आता चांगला चालणारा डब्बा सेट दुसऱ्या कामाला आला तरी मालकाला विचारून त्याची मेमरी वाचून ठेवतो. किटचा नंबर, आयसीचा नंबर, तारीख. असे १४० च्या वर सेट जमलेत, आणि एक प्रत पेनड्राइव्हवर गल्ल्यात असते. आजींची फाईल दोन वेळा ठेवलीय, एक ओळ भरायच्या आधीची आणि एक नंतरची. त्या सेटच्या मागच्या झाकणाला आतून तारीख लिहिलेली पट्टी चिकटवलीय, पुढे दुसऱ्या कुणी उघडला तर त्याला कळावं.