एलिमेंटरी ओएस : मिनिमाइझचं बटण नाही, आणि आता मला ते नकोय

मी मुद्रितशोधनाचं काम करते. दिवसाचे आठ-नऊ तास डावीकडे हस्तलिखिताचं स्कॅन, उजवीकडे जुळवलेला मजकूर, आणि नजर सतत इकडून तिकडे. स्क्रीनवर कामाशी संबंध नसलेली एखादी गोष्ट जरी हलली तरी ओळ सुटते. त्यामुळे संगणक कसा दिसतो हा माझ्यासाठी हौसेचा नाही, कामाचा प्रश्न आहे. एलिमेंटरी ओएस ही लिनक्सवर आधारलेली, विंडोजच्या जागी चालणारी प्रणाली मी आवृत्ती ६ पासून, म्हणजे २०२१ पासून वापरतेय. मध्ये ७ येऊन गेली, आता ८ आहे.

या डिस्ट्रोबद्दल, म्हणजे लिनक्सच्या या अवताराबद्दल, दोन वाक्यं हमखास कानावर येतात. एक, ‘दिसायला छान, बाकी काही नाही.’ दुसरं, ‘मॅकची नक्कल.’ खाली डॉक, म्हणजे ॲप्सच्या आयकॉनची रांग, दिसला की लोक दुसरं वाक्य बोलून मोकळे होतात. पण मॅकमध्ये चालू ॲपचा मेन्यू वरच्या पट्टीत असतो. इथे तसा मेन्यूच नाही. पट्टीत डावीकडे ‘ॲप्लिकेशन्स’, मधोमध घड्याळ, उजवीकडे आवाज-नेटवर्क-बॅटरी, बस्स. ही पट्टी एकदा नीट निरखून बघा. वॉलपेपर गडद असेल तर तिच्यावरची अक्षरं पांढरी असतात, फिकट वॉलपेपर लावला की काळी होतात, आणि खिडकी पूर्ण मोठी केली की पट्टीच गडद होऊन मागे सरते. घड्याळ वाचता यावं, पण त्याने लक्ष वेधून घेऊ नये, इतका विचार कुणीतरी एका पट्टीचा केलाय. याला मी नुसतं ‘छान दिसणं’ म्हणणार नाही.

आता बटणाबद्दल. खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात बंद करायचं बटण, उजव्या कोपऱ्यात मोठं करायचं. मिनिमाइझ नाही. पहिले चार-पाच दिवस माझा माउस त्या रिकाम्या जागेकडे जात राहिला आणि मी खरोखर वैतागले. त्यांच्या डिझाइनच्या नियमावलीत यामागचा विचार आहे: ॲपने आपली स्थिती स्वतः लक्षात ठेवावी, म्हणजे खिडकी बाजूला ठेवणं आणि बंद करणं यात वापरणाऱ्याला फरक जाणवायला नको. सोबत येणाऱ्या ‘कोड’ या एडिटरमध्ये हे उत्तम जमलंय. लिहिता लिहिता फाइल आपोआप सेव्ह होते, खिडकी बंद करा, उघडा, मजकूर जागच्या जागी. बाहेरून आणलेली सगळी ॲप्स मात्र इतकी शहाणी नसतात, तिथे सेव्ह करायची सवय सोडू नका. आणि खिडकी फक्त नजरेआड करायची असेल तर सुपर की (विंडोजचं चिन्ह असलेली) आणि एच आहेच.

शिवाय कामाच्या जागा, म्हणजे वर्कस्पेस, इथे आपसूक वाढतात. शेवटची भरली की पुढे एक रिकामी तयार असते. ट्रॅकपॅडवर तीन बोटं आडवी सरकवली की शेजारच्या जागेत, वर सरकवली की सगळ्या जागा एका नजरेत. माझं मुद्रित एका जागेत, कोश दुसऱ्या, पत्रव्यवहार तिसऱ्या. खिडक्यांचा ढीगच होत नाही, मग मिनिमाइझ करायचं काय?

पण मला या प्रणालीशी खरं बांधून घातलंय ते पिक्चर-इन-पिक्चरने. सुपर आणि एफ दाबायचं, कुठल्याही खिडकीचा हवा तेवढाच तुकडा चौकटीत धरायचा, की तो तुकडा बाकी सगळ्यांच्या वर तरंगत राहतो. लोक यात व्हिडिओ बघत असतील. मी हस्तलिखिताच्या स्कॅनमधला एकच परिच्छेद कापून घेते आणि मजकुराच्या बरोबर वर आणून ठेवते. मूळ खिडकी मागे झाकली गेली तरी चालतं. लेखकाच्या अक्षरातला ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांची खात्री करायला आता मान वळवावी लागत नाही, नजर दोन बोटं वर नेली की झालं. संध्याकाळी मान आखडायची, ते कमी झालंय.

टर्मिनलशी, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीशी, माझा संबंध कामापुरता, पण तिथेही काळजी दिसते. मजकूर निवडलेला असेल तर कंट्रोल-सी कॉपी करतं, नसेल तर चालू आज्ञा थांबवतं. कुठून तरी उचललेली, प्रशासकाचे अधिकार मागणारी आज्ञा पेस्ट केली तर आधी विचारणा होते. लांबलचक काम संपलं की सूचना येते, म्हणजे टक लावून बसायला नको. माझ्यासारख्या अर्ध्या-मुर्ध्या माहितगाराला याचा केवढा आधार आहे!

थोडं मागचं सांगते, कारण त्यातून स्वभाव कळतो. डॅनिएल फोरे यांनी उबंटू या लिनक्स प्रणालीसाठी एक आयकॉन-संच केला, त्यातून हे सगळं वाढलं. ‘ज्युपिटर’ ही पहिली आवृत्ती २०११ची. पाया अजूनही उबंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांचा आहे, ८ ही २४.०४ वर उभी आहे. पण पॅन्थिऑन हा डेस्कटॉप, फाइल्स, मेल, कॅलेंडर ही ॲप्स त्यांची स्वतःची, बरीचशी वाला या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेली. एकाच हातची भांडी मांडल्यासारखं सगळं जुळतं. प्रणाली उतरवून घेताना रक्कम तुम्ही ठरवायची, शून्य टाकलं तरी चालतं. ॲपसेंटर या त्यांच्या ॲप्सच्या दुकानातही ॲपच्या लेखकाला किती द्यायचं ते वापरणारा ठरवतो. २०१७ साली त्यांनी त्यासाठी लोकवर्गणी उभी केली होती आणि ७० टक्के वाटा ॲप लिहिणाऱ्याचा ठेवला. मी पहिल्यांदा शून्य टाकलं होतं. ८ घेताना पैसे भरले, कारण या यंत्रावर मी माझी मिळकत कमावते.

आता अडचणी. डेस्कटॉपवर आयकॉन ठेवता येत नाहीत. ज्यांचं अर्धं दप्तर डेस्कटॉपवर पसरलेलं असतं त्यांनी हे आधीच ओळखून यावं. घड्याळाच्या पट्टीत चिकटून बसणारे जुन्या पद्धतीचे आयकॉन इथे दिसत नाहीत. डेब या उबंटूच्या पद्धतीच्या इन्स्टॉल फाइलवर डबल-क्लिक करून ॲप बसवायची सोय सोबत येत नाही, टर्मिनल गाठावं लागतं. ८ मध्ये फ्लॅटहब हे ॲप्सचं ऑनलाइन भांडार आधीपासून जोडलेलं असल्यामुळे ती वेळ फार कमी येते. रंग, उजेड-अंधार, डॉक एवढं बदलता येतं, त्यापलीकडे हात घालायला फारसा वाव नाही. रोज नवी थीम लावून बघण्यात ज्यांना आनंद आहे, त्यांनी केडीई हा लिनक्सचा दुसरा डेस्कटॉप घ्यावा. हे मी मनापासून सांगतेय, तिथे त्यांना खरंच मोकळं वाटेल.

देवनागरीबद्दल विचारणारे बरेच असतात. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट आणि कागपा फोनेटिक दोन्ही मांडण्या आहेत, निवडल्या की लगेच टाइप करता येतं. प्रणालीचा मुख्य फॉन्ट इंटर आहे आणि त्यात देवनागरी नाही, त्यामुळे मराठी अक्षरं दुसऱ्या फॉन्टमधून येतात. फाइलचं नाव अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी असेल तर अक्षरांचं वजन वेगळं दिसतं. इतक्या काटेकोर घरात ही एक चौकट तिरकी राहिलीय, आणि माझ्या डोळ्याला ती रोज दिसते.

सगळ्यात मोठी गोष्ट शेवटी. मोठी आवृत्ती बदलली की जुनीवरून नवीवर थेट जाता येत नाही. डेटाची प्रत काढा आणि नव्याने बसवा, हाच रस्ता. मला हे पटत नाही, आणि कुणाला सुचवताना मी हे सर्वात आधी सांगते. उपाय एकच: पहिल्यांदा बसवतानाच कस्टम पर्याय घेऊन होम, म्हणजे तुमच्या फाइलींचं फोल्डर, वेगळ्या पार्टिशनवर (डिस्कच्या वेगळ्या भागावर) ठेवा. पुढच्या वेळी त्याच पार्टिशनला होम म्हणून निवडा आणि ते फॉरमॅट होणार नाही याची दोनदा खात्री करा. फ्लॅटपॅक ॲप्स, म्हणजे फ्लॅटहबसारख्या ठिकाणाहून घेतलेली, परत घ्यावी लागली तरी त्यांचा डेटा होममध्येच, डॉट-व्हार नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये असतो, तो टिकतो. ७ वरून ८ वर मी अशीच गेले. एका रविवारी दुपारी सुरुवात केली, बाहेरच्या डिस्कवर प्रत काढण्यातच सर्वात जास्त वेळ गेला. दिवेलागणीला अर्धवट राहिलेल्या मुद्रिताच्या पान ११२ वर परत बसले होते, स्कॅनचा तुकडा मजकुराच्या वर, नेहमीच्या जागी.