एम-६० मशीनगनची नळी: अस्तराला पैकीच्या पैकी, मांडणी नापास

१९५७ साली अमेरिकी लष्कराने स्वीकारलेल्या एम-६०बद्दल तक्रारी भरपूर आहेत, पण तिच्या नळीच्या धातुकामाला नावं ठेवायला जागा कमी. चेंबरच्या (काडतूस बसतं त्या खोबणीच्या) पुढे साधारण ६ इंच स्टेलाइटचं अस्तर, त्यापुढे पोलादावर हार्ड क्रोमचा मुलामा.

स्टेलाइट हा कोबाल्टचा मिश्रधातू. त्यात २७ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम आणि थोडं मॉलिब्डेनम. गंमत म्हणजे तो पोलादाच्या आधी वितळतो, तरी पोलादापेक्षा जास्त टिकतो. नळीचा घसा, म्हणजे चेंबरलगतचा भाग, गोळीच्या घासण्यापेक्षा बारुदाच्या वायूंनी जास्त खाल्ला जातो. वायूंतला कार्बन तापलेल्या पोलादात मुरतो, आणि कार्बन मुरलेलं लोखंड ११५० अंश सेल्सिअसच्या आसपासच पाघळायला लागतं. साधं पोलाद १४०० पार करतं. स्टेलाइटला या वायूंचं फारसं सोयरसुतक नाही, शिवाय लाल होईस्तोवर तापला तरी तो कडक राहतो. फार उष्ण जळणारी बारूद असेल तर मात्र त्याचंही पाणी होतं.

क्रोमचं दुखणं वेगळं. वितळबिंदू तब्बल १९०७ अंश, पण मुलामा चढतानाच त्यात केसाएवढ्या भेगा पडतात. भेगेतून वायू खाली शिरतो, पोलाद पोखरतो आणि वरच्या धडधाकट क्रोमचा टवका उडतो. ओल धरलेल्या भिंतीचा रंग निघतो, तसा. सुरुवात बहुधा आट्यांच्या (नळीतल्या पिळदार खाचांच्या) उंचवट्यांच्या कडांवर होते. त्यामुळे तोंडाकडची चकाकी पाहून नळी पास करू नये. बोअरस्कोप (नळीच्या आत पाहायची बारीक दुर्बीण) आधी अस्तर संपतं त्या सांध्याच्या पुढे न्यावा.

मिनिटाला १०० गोळ्या असतील तर १० मिनिटांनी नळी बदलायची, २०० असतील तर २ मिनिटांनी, आणि सलग ५५०च्या वेगाला दर मिनिटाला. हे पाळलं नाही तर कुठलंच अस्तर वाचवत नाही. पण पाळायचं कसं? नळीला मूठ नाही, म्हणून अॅस्बेस्टॉसचा हातमोजा. तो हरवला की खोळंबा. बायपॉड (बंदूक टेकायची दोन पायांची घडवंची) आणि बंदूक चालवणाऱ्या वायूचा गॅस सिलिंडर नळीलाच जोडलेले, त्यामुळे नळी निघाली की बंदूक टेकायची कशावर हा प्रश्न. शिवाय प्रत्येक सुट्या नळीसोबत आणखी एक बायपॉड पाठीवर.

एम-६०च्या पुढच्या ई-३ आवृत्तीत बायपॉड बंदुकीच्या अंगावर आला, नळीला मूठ मिळाली. सोबत आलेली हलकी नळी मात्र जुन्या नळीपेक्षा लवकर तापते.