दिवाणजीच्या नजरेतून सोसायटीचं बिल: देखभाल एजन्सीला तीन तारे

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर चौतीस वर्षं दिवाणजी होतो. शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, करायची म्हणजे हमाली वेगळी, तोलाई वेगळी. दोन आकडे एकात घुसवले की शेठ पट्टी परत फेकायचे. ती सवय जात नाही, म्हणून हे लिहितोय.

2019 च्या महापुरात गावभागातलं आमचं घर बुडालं. मुलगा म्हणाला, "बाबा, आता खाली राहायचं नाही." त्याने विश्रामबागेकडे वन बीएचके घेतला. तो पुण्यात, इथं आम्ही दोघं. जुन्या घरात महिन्याला कुणी पैसे मागायला येत नव्हतं, ही गोष्ट बायको अजून ऐकवते.

सोसायटीने देखभाल एका एजन्सीला दिलीय. नाव लिहीत नाही, पोरं कष्टाळू आहेत. जिना रोज झाडला जातो, टाकी वेळेवर धुतात, लिफ्ट अडकली तेव्हा तासाभरात माणूस आला. लाइट गेली की जनरेटर लगेच सुरू. इथवर पाचपैकी पाच.

बिलावर मात्र गाडी अडते. महिन्याला 2,200 रुपये यायचे, खाली नुसतं 'मेंटेनन्स'. फोड मागितली तर ऑफिसातला पोरगा म्हणाला, "काका, सॉफ्टवेअरच तसं आहे." तिसऱ्या खेपेला कागद मिळाला: सेवा शुल्क 1,400, सिंकिंग फंड 300, पाणी 150, नॉन-ऑक्युपन्सी 350.

सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या पुढच्या मोठ्या कामांसाठीची शिल्लक, बरोबर होता. जमिनीची किंमत सोडून बांधकामाच्या खर्चावर वर्षाला किमान 0.25 टक्के, असं आदर्श उपविधीत, म्हणजे सोसायट्यांच्या सरकारी नमुना नियमांत, आहे. आमच्या फ्लॅटचा खर्च 14,40,000 धरलाय, म्हणजे वर्षाचे 3,600. जुळलं.

पण ते 350? नॉन-ऑक्युपन्सी म्हणजे बिनभोगवटा शुल्क, ते फ्लॅट भाड्याने दिला तर लागतं. फ्लॅट मुलाच्या नावावर आणि राहतात आईबाप, म्हणून यांनी आम्हाला भाडेकरू करून टाकलं! आईवडील, मुलं, भाऊबहीण असे घरचे राहत असतील तर हे शुल्क लागतच नाही. आणि खरोखर भाडेकरू असता तरी 2001 च्या सरकारी आदेशाने सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. 1,400 चे 140 होतात. यांनी 25 टक्के लावले होते. हा दर कुठून आणला विचारलं, तर पोरगा म्हणे, "आमच्या दुसऱ्या सोसायटीत तेवढाच आहे."

सेक्रेटरींकडे उपविधीचं पुस्तक घेऊन गेलो. त्यांनी पान वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "काका, हे आधी का नाही सांगितलं?" आठ महिन्यांचे 2,800 पुढच्या बिलांत वळते केले. व्याज मागितलं नाही. आम्ही बिल थकवलं असतं तर त्यांनी महिन्याला दोन टक्के लावलं असतं, हे मात्र विचारून ठेवलं. वर्षाचे 24 होतात, आणि उपविधीत कमाल 21 टक्के, तेही सरळव्याज. तो मुद्दा सप्टेंबरच्या वार्षिक सभेसाठी वहीत लिहून ठेवलाय.

आता एक गोष्ट माझ्याच विरुद्ध जाणारी. आमच्या एका बेडरूमला 1,400 आणि वरच्या तीन बेडरूमलाही 1,400. बायको चिडते, मीही चिडलो होतो. पण सेवा शुल्क सगळ्या सदनिकांना सारखंच, हा नियम आहे. वॉचमन गेट उघडताना कुणाचे चौरस फूट मोजत नाही. एजन्सीने इथं बरोबर केलंय, कबूल.

पाण्याचं मात्र तसं नाही. ते नळांच्या संख्येवर आणि आकारावर वाटायचं असतं. आमच्याकडे चार नळ, वरच्या डॉक्टरांकडे अकरा, आणि बिल दोघांना 150. तक्रार दिल्यावर परवा एजन्सीचा पोरगा नळ मोजायला आला. बायकोने चहा दिला. त्याने वॉशिंग मशीनची तोटी धरून पाच लिहिले. मशीन आम्ही घेतलेलंच नाही, तोटीला बूच आहे. ते काढून दाखवलं तर म्हणतो, "काका, पॉइंट तर आहे की." डॉक्टरांकडे तो अजून गेलेला नाही.