पेंटॅक्स पॅपिलिओ ६.५×२१ : हातभर अंतरावरचा सरडा बघण्याची दुर्बीण

आधीच सांगतो, पक्षी बघायला ही दुर्बीण घेऊ नका. लांबचं बघायला याच पैशात हिच्याहून चांगल्या मिळतात. मी घेतली ती जवळचं बघायला, घरात एक मोठी दुर्बीण असताना.

एप्रिलमध्ये आईला ह्यूस्टनहून बिग बेंड राष्ट्रीय उद्यानात घेऊन गेलो होतो. गाडीने दहा तास. चिवावा वाळवंटाचा टेक्सासमधला तुकडा, पलीकडे रिओ ग्रांदे आणि मेक्सिको. मला बघायचा होता गोल शेपटीचा शिंगाळा सरडा, फ्रायनोसोमा मोडेस्टम. शेपूट सोडली तर दोन-अडीच इंचांचा जीव. डोळ्यांतून रक्ताची चिळकांडी मारणारा म्हणून ज्याचं नाव आहे तो टेक्सासचा शिंगाळा सरडा याचा थोरला भाऊ. धाकट्याची तसली ख्याती नाही. हा दगड होऊन बसतो.

ग्रेपव्हाइन हिल्सच्या वाटेवर तासभर मी खडी तपासत होतो. सापडला आईला.

"अरे, तो खडा मघाशी इथे नव्हता."

पन्नास वर्षं तांदूळ निवडलेली नजर! ती बोटाने दाखवत होती तरी मला दिसेना. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, याची तेवढीही नाही. वीतभर पळाला, थांबला की पुन्हा खड्यांत जमा.

इथे मोठी दुर्बीण कुचकामी. तिच्यात तीन मीटरच्या आतलं सगळं धूसर, आणि मागे सरकावं तर सरडा हरवतो. पॅपिलिओ अर्ध्या मीटरपर्यंत स्पष्ट दाखवते. एरवी दुर्बिणीतून इतकं जवळ बघितलं की दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दिसतात आणि डोकं भणभणतं. हिच्यात फोकसचं चाक फिरवलं की पुढची दोन्ही भिंगं एकमेकांकडे सरकतात, त्यामुळे चित्र एकच राहतं. सगळी करामत एवढीच, पण पैसे तिचेच.

आम्ही सव्वा मीटरवर उकिडवे बसलो. पाठीला कुबड काढून तो गोटा झाला होता. बाकीच्या शिंगाळ्या सरड्यांच्या कुशीला काट्यांची झालर असते, याला ती नाही, म्हणून कड गोट्यासारखी गुळगुळीत. मानेशी आणि जांघेशी गडद डाग. नुसत्या डोळ्यांना मी त्यांनाच दगडाखालची सावली समजत होतो! शेरब्रुक आणि मोंतानुच्ची या संशोधकांनी १९८८ मध्ये याच दगडी सोंगावर लिहिलं आहे. ते मी घरी वाचलं होतं, पण डाग बघितल्यावर कळलं. मग एक मुंगी पुढून गेली. जीभ मला दिसली नाही, मुंगी मात्र नव्हती.

आईला हात लावून बघायचा होता. उद्यानात प्राण्यांना हात लावायला बंदी आहे. दुर्बीण तिच्या हातात दिली तेव्हा बाई गप्प झाली, आणि पुढची वीस मिनिटं मला परत मिळाली नाही.

आता उणं. भिंग २१ मिलिमीटरचं, म्हणजे उजेड कमी आत येतो आणि तिन्हीसांजेला चित्र मंद पडतं. जलरोधक नाही, तेव्हा आपल्या पावसाळ्यात जपून. ८.५ पटीचीही मिळते, पण आईचा हात जरा थरथरतो आणि जवळच्या वस्तूवर ती थरथर जास्तच जाणवते. म्हणून ६.५. वजन २९० ग्रॅम, दिवसभर गळ्यात असली तरी मान धरत नाही.

आणि ही सरडा शोधून देईल अशी आशा नको. त्या छोट्या वर्तुळातून खडी धुंडाळत बसाल तर ऊन चढेल आणि तो झुडपाच्या सावलीत जाईल. शोधायचं डोळ्यांनीच, किंवा आईला न्यायचं.

ती आता सांगलीला आहे, दुर्बिणीसकट. मागच्या आठवड्यात फोन आला. कढीपत्त्यावर पाखराची शीट दिसली. एप्रिलनंतर तिचा कशावरच भरवसा उरलेला नाही, म्हणून दुर्बीण लावली, तर शीट पान खात होती. फुलपाखराची अळी!

मी दुसरी मागवली आहे. पाचपैकी साडेचार.