एअर पिस्टलसाठी घेतलेली अक्रोडाची ग्रिप

१० मीटर एअर पिस्टल मारणाऱ्यांनी पहिला पैसा ग्रिपवरच, म्हणजे पिस्टलच्या मुठीवरच टाकावा असं माझं स्पष्ट मत आहे, ट्रिगर नि वजनं नंतर. पिस्टलसोबत आलेली मीडियम ग्रिप माझ्या हातात सैल पडायची, दर शॉटला पकड बदलायची आणि ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या छर्‍यांचा पुंजका, डावीकडे पसरायचा. म्हणून ही अक्रोडाच्या लाकडाची मागवली, हाताचा कागदावर आउटलाइन काढून माप पाठवावं लागतं.

फिटिंग मस्त आहे राजेहो! अंगठ्याचा खोबा बरोबर बसतो, तळहाताखालची पट्टी स्क्रूनं वरखाली होते, आणि लाकडावर जे बारीक टोचे मारलेत ना त्याचं खरं मोल आपल्या नागपूरच्या मे महिन्यात कळते, ४५ डिग्रीत हात घामेजला तरी ग्रिप घसरत नाही. करंगळीजवळ थोडी गॅप राहिली होती, तिथं लाकडाची पुट्टी भरून सँडपेपर मारला, आता एकदम ओके. पुट्टी पूर्ण वाळू द्या पण, घाई नका करू.

मॅच खेळणाऱ्यांनो, नियम बघूनच घ्या. ग्रिपनं मनगटाला आधार दिलेला चालत नाही, अख्खं पिस्टल ४२० × २०० × ५० मिमीच्या मोजणीच्या डब्यात बसलं पाहिजे नि वजन १५०० ग्रॅमच्या आत. मोठी पट्टी लावली की रुंदीतच अडकते, सगळ्यात जास्त पोरं तिथंच फसतात.

किंमत जास्त आहे, कस्टम ड्युटी धरून तर खूपच, पण हात अजून वाढत असलेल्या पोरांना सोडून बाकी सगळ्यांना मी हीच घ्या म्हणीन.