रीसेल की अंडर कन्स्ट्रक्शन? 60 लाखांच्या दोन फ्लॅटचा हिशोब

पुण्यात 60 लाखांचं बजेट घेऊन घर बघायला निघालं की साधारण दोन प्रकारचे टू बीएचके समोर येतात, एक अंडर कन्स्ट्रक्शन आणि एक दहा-पंधरा वर्षं जुन्या सोसायटीतला रीसेल. किंमत सारखीच, आणि मग कार्पेट, सेलेबल, ओसी, कन्व्हेयन्स असं सगळं कानावर पडायला लागतं आणि आपण नुसतं हो हो करत बसतो. तसं करू नका, पैसे तिथेच जातात.

आधी एरिया. महाराष्ट्रात 1 मे 2017 पासून महारेरा (बिल्डर आणि प्रोजेक्टवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) सुरू झालं, त्यामुळे नवीन प्रोजेक्टमध्ये बिल्डरला कार्पेटच सांगावा लागतो, म्हणजे आतल्या भिंती धरून वापरता येणारी जागा, बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी सोडून. रीसेलवाला मात्र अजूनही "हजार स्क्वेअर फूट आहे" म्हणतो तो सेलेबल असतो, त्यात जिना, लिफ्ट, लॉबीचा वाटा आला. लोडिंग, म्हणजे कार्पेटवर चढवलेला हा वाटा, 35 टक्के असेल तर त्या हजारातले साधारण 740 च कार्पेट, म्हणजे फुटाला 6,000 वाटणारा रेट खरा 8,100 पडतो. मालकाकडून जुना इंडेक्स टू (रजिस्ट्रेशन ऑफिसचा खरेदीचा उतारा) मागून घ्या, त्यात एरिया, किंमत, तारीख सगळं असतं, फक्त लिहिलेला एरिया कार्पेट आहे की बिल्टअप (बाहेरच्या भिंती, बाल्कनी धरून) ते नीट वाचा, आणि शक्य असेल तर टेप लावून खोल्या मोजाच, मालकाला वाईट वाटलं तरी चालेल.

आता वरचा खर्च. स्टँप ड्युटी दोन्हीकडे सारखी, पुणे शहरात 7 टक्के म्हणजे 4 लाख 20 हजार, आणि रजिस्ट्रेशनचे 30 हजार. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर ड्युटीत 1 टक्का सूट आहे, 60 हजार वाचतात. करारातली किंमत आणि रेडी रेकनरची (सरकारने त्या भागासाठी ठरवलेली) किंमत यात जी जास्त तिच्यावर ड्युटी लागते, त्यामुळे "व्हॅल्यू कमी दाखवू" वगैरे कोणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा. खरा फरक पडतो जीएसटीत. अंडर कन्स्ट्रक्शनवर 5 टक्के, म्हणजे आणखी 3 लाख. (45 लाखांपर्यंतचं घर असेल आणि कार्पेट 90 चौरस मीटरच्या आत असेल तर पुण्यात 1 टक्काच, मुंबईत ही मर्यादा 60 चौरस मीटर.) रीसेलला जीएसटी शून्य, पण ब्रोकरेज धरा आणि सोसायटीचं ट्रान्सफर प्रीमियम, जे महापालिका हद्दीत 25 हजारांच्या वर घेता येत नाही, "डोनेशन" म्हणून जास्त मागितलं तरी. 50 लाख किंवा वरचा व्यवहार असेल तर विकणाऱ्याच्या रकमेतून 1 टक्का टीडीएस तुम्ही कापून भरायचा. विकणारा एनआरआय असेल तर हा 1 टक्क्याचा नियम नाही, टीडीएस बराच जास्त असतो, तिथे टोकन द्यायच्या आधी सीएला विचारा.

कागदांचं म्हणाल तर नवीन घराला रजिस्टर्ड अ‍ॅग्रीमेंट झाल्याशिवाय बिल्डर 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊच शकत नाही. रीसेलला पहिल्या खरेदीपासूनची सगळी अ‍ॅग्रीमेंटची साखळी, शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सदस्यत्वाचा दाखला), सोसायटीची एनओसी आणि वकिलाचा सर्च रिपोर्ट (मालकी आणि बोजा तपासलेला) बघायचा. नुसत्या पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीवर घर विकत असतील तर उठून या, त्याने मालकी मिळत नाही हे सुप्रीम कोर्टाने 2011 मध्येच सांगितलंय. आणि रीसेलवाला "रीडेव्हलपमेंटला जाणार आहे" म्हणून भाव वाढवत असेल तर एकच प्रश्न विचारा, कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर करणं, झालंय का? झालं नसेल तर जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर आहे, सोसायटीला आधी डीम्ड कन्व्हेयन्सच्या (बिल्डर करत नसेल तर ते सरकारी अधिकाऱ्याकडून करून घेणं) मागे लागावं लागेल.

ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, इमारत राहायला योग्य आहे असं महापालिकेने दिलेलं पत्र. "सीसी आहे ना" म्हणतील, पण ते बऱ्याचदा बांधकाम सुरू करायच्या परवानगीचं असतं. "फिट-आऊटसाठी (आतलं फर्निचर वगैरे करायला) चावी देतो" म्हणजेही ओसी नाही. जुन्या बिल्डिंगमध्येही ओसी नसलेल्या निघतात, तिथे लोन अडतं, पाण्याचा त्रास होतो आणि उद्या तुम्हाला विकतानाही हेच ऐकावं लागतं.

माझं मत विचाराल तर सध्या भाडं भरत असाल तर अंडर कन्स्ट्रक्शन टाळा, भाडं आणि प्री-ईएमआय (पझेशनआधी लोनचं नुसतं व्याज) दोन्ही एकदम चालू राहतं आणि पझेशन लांबलं की सगळं गणित कोलमडतं. हातात तीन-चार वर्षं आहेत, स्वतःचं घर आहे, तर महारेराच्या साइटवर प्रोजेक्टची तारीख किती वेळा वाढवली ते बघून खुशाल घ्या. पण मी आधी तिसराच पर्याय शोधेन, ओसी आलेली नवी बिल्डिंग जिथे बिल्डरकडे चार-दोन फ्लॅट उरलेत. जीएसटी नाही, लोडिंगचा घोळ नाही आणि बांधकामातल्या मोठ्या दोषांची पझेशनपासून 5 वर्षांची जबाबदारी बिल्डरवरच.