मेंदूच्या दुखापतीनंतरचा संवाद-गट : सहा महिन्यांचा अनुभव

दुचाकीच्या अपघातात माझ्या धाकट्या भावाच्या मेंदूच्या पुढच्या भागाला, म्हणजे फ्रंटल लोबला, मार बसला. हातपाय सावरले, वाचाही परतली. बोलण्याचे भान तेवढे परतले नाही. समोरच्याचे वाक्य मध्येच तोडणे, तोच किस्सा तिसऱ्यांदा सांगणे, कुणाच्या टकलावरून चारचौघांत शेरा मारणे हे सारे फ्रंटल लोबच्या दुखापतीतून येते, हे मित्रांना कोण सांगणार? रुग्णालयात रांग लावणारे कट्ट्यावरचे मित्र वर्षभरात एकेक करून गळाले. शेवटी डॉक्टरांच्या सल्ल्याने पुण्यातील एका पुनर्वसन केंद्राच्या साप्ताहिक संवाद-गटात त्याचे नाव घातले.

गटात सहा जण आणि एक स्पीच थेरपिस्ट. व्याख्यान नसते, चहा मागवून गप्पा मारायला लावतात आणि त्याचे चित्रीकरण लगेच दाखवतात. ‘मी दोनच मिनिटं बोललो’ असे ठासून सांगणाऱ्या भावाला स्वतःचे नऊ मिनिटांचे स्वगत पाहावे लागले, आणि काहीतरी सांगू पाहणाऱ्या शेजारच्या काकांचा बशीतला चहा तसाच निवून गेलेला त्याला तेव्हा दिसला. आपल्यातील बदल आपल्यालाच न जाणवणे हाही या दुखापतीचाच भाग असल्याने, आम्ही घरी केलेल्या कानउघाडणीपेक्षा ती चित्रफीत अधिक उपयोगी पडली.

मला सर्वांत मोलाचे वाटले ते महिन्यातून एकदा मित्राला सोबत बोलावणे. ‘हे तू मघाशी सांगितलंस’ असे सरळ सांगा, टोमणा मारू नका, कारण त्यातली खोच त्याला कळत नाही; गोंगाटाच्या हॉटेलात दहा जणांनी जमण्यापेक्षा घरी दोघे-तिघे भेटा; तो थकलेला दिसला की बैठक आवरा, असे मित्रालाच शिकवतात. निम्मे काम तिथेच होते, असे माझे मत आहे.

उणिवाही आहेत. दिवसभराने मेंदू शिणलेला असताना सायंकाळी सहाची वेळ ठेवणे अनाकलनीय आहे. दोनदा तक्रार करूनही ती बदललेली नाही. घरच्या अभ्यासाचे कागद इंग्रजीत मिळतात, ते आईला मराठीत उतरवून द्यावे लागतात.

तरीही मी नाव नोंदवण्यास सुचवेन. सोबत येणारा एखादा मित्र आधी गाठून ठेवावा. नसेल तर चुलतभाऊ चालतो, आमच्याकडे पहिले दोन महिने तोच आला होता.